बुणग्यांतली बाई

मोडी वाचणाऱ्यावर कोणी पुरता विश्वास ठेवत नाही, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. माणूस खापरपणजोबाचा कागद पिशवीतून काढतो, माझ्यासमोर पसरतो आणि मग कागद सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मी कुठं अडखळलो, कुठला शब्द गिळला, हे त्याला चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावांत तर रीतच पडून गेली आहे. एक कागद दोघांकडून वाचून घ्यायचा, पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, आणि दोघांचं वाचन शब्दाला शब्द जुळलं तरच कागद खरा धरायचा. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून माझ्या ओट्यावर पुन्हा पिशव्या येऊ लागल्या आहेत. इथून उठून हा माणूस सरळ दुसरीकडे जाणार हे मला ठाऊक असतं. मला त्याचा राग येत नाही.

राग कुठल्या तोंडानं येणार? मी एका कागदाच्या पुढच्या ओळी स्वच्छ दिसत असताना 'पुढं पुसलंय' असं भरल्या देवळात सांगितलेलं आहे. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. त्या दोन शब्दांपायी एका घराचा मान गेला, आणि त्या घरातल्या बायांना गावानं एक जुना लष्करी शब्द शिवीसारखा चिकटवला. तो शब्द म्हणजे बुणगे. तो त्यांना चिकटला माझ्यामुळे, आणि तो सोडवायचं कामही माझंच होतं. ते मी किती उशिरा आणि कसं केलं, ते इथं लिहून ठेवतो.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत इतिहास शिकवत होतो, नोकरी अजून कायम झाली नव्हती. मोडी मी माझ्या मामांकडून शिकलो होतो. गावात दुसरं कोणी मोडी वाचणारं नव्हतं, त्यामुळे वयाच्या मानानं मला जरा जास्तच मान मिळे.

गावाच्या जुन्या वेशीपाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. गोल, चपटा, मधोमध भोक असलेला. चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते, त्या दिवशी पालखी देवळातून निघाली की पहिल्यांदा या दगडापाशी थांबते. वेशीलगतच्या एका घरातली वडीलधारी बाई तिथं भाकरी आणून ठेवत असे. नैवेद्य म्हणून पुरणपोळी नाही, साधी बाजरीची भाकरी. ती मोडून सगळ्यांना तुकडा तुकडा द्यायची आणि मग पालखी पुढं जायची. हा मान सासूकडून सुनेकडे जाई. पुरुषानं ती भाकरी ठेवलेली कोणी पाहिलेली नव्हती. दगड कोणाचा, असं विचारलं तर लोक सांगत, कोणा लढवय्याचा आहे, मधलं भोक त्याच्या निशाणाच्या काठीचं.

त्या वर्षी गावातल्या मोठ्या घरानं त्या मानावर हक्क सांगितला. या घराचे प्रमुख म्हणजे तात्या. सगळं गाव त्यांना तात्याच म्हणे. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांचं म्हणणं, वेशीत पडलेला लढवय्या आमचा पूर्वज, तर दगड आमचा आणि मानही आमचा. त्यावर वेशीलगतच्या घरातली बाई म्हणाली, आमच्याकडं कागद हाय. तिचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. नवरा वारलेला, एक मुलगी, एक मुलगा. मी तिला मावशी म्हणत असे. पंचांनी ठरवलं की येत्या रविवारी सकाळी देवळात गुरुजींनी, म्हणजे मी, कागद वाचावा.

शनिवारी शाळा सुटल्यावर तात्यांनी मला चहाला बोलावलं. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, माझ्या नोकरीच्या मंजुरीची चौकशी त्यांनीच केली. कागद वर जायचाय, माझी सही तेवढी राह्यलीय, म्हणाले. मग पान लावता लावता त्यांनी विचारलं, "उद्या मोडी वाचायचीय म्हनं तुमाला."

"हो, तात्या."

"जुन्या कागदात लई ठिकानी पुसलेलं आसतंय, न्हाई का?"

"असतं कधी कधी."

"मंग पुसलेलं आसंल तर वढूनताणून वाचू नगा. गावात भांडनं नकोत."

एवढंच. धमकी म्हणावी तर एकही शब्द वाकडा नव्हता. मी घरी आलो आणि स्वतःला समजावायला लागलो. तो कागद बनावट असणार. एका विधवा बाईच्या घरात इतका जुना कागद कसा टिकेल? शाई नको तेवढी काळी असणार. कागद पाहायच्या आधीच मी त्यावर संशय घेऊन मोकळा झालो होतो, कारण कागद खोटा निघाला असता तर माझी सुटका होती.

रविवारी तो हातात घेतला आणि पहिल्या ओळीतच कळलं की तो खरा आहे. गावच्या पंचांनी करून दिलेला, खाली बलुतेदारांच्या निशाण्या. घड्या जिथं पडल्या होत्या तिथं तो फाटला होता, पण अक्षर उत्तम होतं. सभामंडपात पुरुष बसले होते. बाया पायऱ्यांवर. मावशी खांबाला टेकून उभी होती.

मी वाचायला लागलो. मौजे मजकूर येथील अमुक बाई लष्करासमागमें बुणग्यांत होती, इथवर आलो तेव्हा पुढं बसलेल्या एकानं विचारलं, "बुणग्यात म्हंजी काय, गुरुजी?"

"फौजेच्या मागं मागं फिरणारे लोक असायचे. बाजारबुणगे."

"आन त्यात बाया?"

"असायच्या," मी म्हणालो, आणि खाली बघून जरासा हसलो.

त्या हसण्याचा हिशेब मी अजून देतो आहे. तोंडानं मी काही वाईट बोललो नव्हतो. पण फौजेच्या मागं फिरणारी बाई म्हणजे कशासाठी फिरणारी, हे माझ्या हसण्यावरून प्रत्येकानं आपापलं समजून घेतलं. मागून कोणीतरी खाकरलं. एक म्हणाला, "मंग बराबर हाय, भाकरी वाटायची सवय जुनीच म्हनायची." मंडप हसला. पायऱ्यांवरच्या बायांनी पदर पुढं ओढले.

मावशी म्हणाली, "गुरुजी, पुढचं वाचा की."

पुढं तीन ओळी होत्या. मी त्या डोळ्यांनी एकदा वाचल्या. तात्या समोरच बसले होते, माझ्याकडे न बघता.

"पुढं पुसलंय," मी म्हणालो.

"पुसलंय व्हय," मावशी म्हणाली. पुढं आली, कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांसमोर धरून वरपासून खालपर्यंत पाहिला. तिला अक्षरओळख नव्हती. पण पुसलेलं आणि न पुसलेलं कळायला अक्षर कशाला यावं लागतं? तिनं कागद घडी केला आणि चोळीत ठेवून निघून गेली.

त्या यात्रेपासून दगडाचा मान मोठ्या घराकडे गेला. भाकरी बंद झाली, त्यांचा एक पुरुष नारळ फोडू लागला. माझी नोकरी महिन्याभरात कायम झाली.

आता त्या शब्दाबद्दल लिहिलं पाहिजे, कारण तो मला चांगला माहीत होता आणि म्हणूनच माझा अपराध मोठा. मराठ्यांच्या फौजांबरोबर न लढणारी माणसं चालत, त्यांना बुणगे म्हणत. सुतार, लोहार, खोगिरं शिवणारे जिनगर, पखालीनं पाणी वाहणारे, धान्य विकणारे वाणी, घोड्यांसाठी गवत कापून आणणारे. आणि बाया. शिपायांच्या बायका, विधवा, विकत घेतलेल्या बटकी, आणि दळणाऱ्या. त्या वेळी गिरणी नव्हती. हजारो माणसं रोज भाकरी खात, म्हणजे रोज पहाटे कोणीतरी तेवढं दळत होतं. फौज दहा कोस चालली की दळणारीही दहा कोस चाले, आणि मुक्कामावर स्वार आडवा झाला की ती जात्यावर बसे. जुन्या कागदांत फौज मोजतात ती अमुक स्वार, अमुक पायदळ अशी. बुणग्यांचा आकडा बहुधा नसतोच. ते बरोबर होते एवढंच लिहितात.

लढाई जिंकली तर बुणग्यांचं कोणी नाव काढत नाही. हरली की मात्र सगळं त्यांच्यावर. मी वर्गात पानिपत शिकवताना हेच शिकवत असे. बुणग्यांच्या ओझ्यामुळे फौजेची चाल मंदावली, हे एका गुणाचं उत्तर होतं. मुलं पाठ करत आणि मी गुण देत असे. गंमत म्हणजे वर्गात शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर बुणगे म्हणजे गाडीवान, वाणी, लोहार असे पुरुषच येत. निरुपयोगी, भित्रे, पण पुरुष. देवळात तोच शब्द एका बाईला लागला आणि क्षणात त्याचा अर्थ चारित्र्यावर गेला. पुरुष बुणगा निघाला तर तो लढला नाही एवढाच त्याचा कमीपणा. बाई बुणग्यांत निघाली की ती काय काम करत होती हे कोणी विचारतच नाही, सगळ्यांना आधीच माहीत असतं. कागदात तिचं काम लिहिलेलं होतं. ते पुढच्या तीन ओळींत होतं.

त्या ओळींचा मजकूर असा. फौज मोडून परत आली तेव्हा या बाईनं गावचे दोन जखमी राऊत, म्हणजे घोडेस्वार, आपलं जातं वाहणाऱ्या बैलावर घालून आणले आणि स्वतः पायी चालली. वाटेत दळून त्यांना भाकर घातली. एक वेशीत आल्यावर गेला. दुसरा वाचला, तो मोठ्या घरचा. नंतर मागून येणाऱ्यांसाठी ती वेशीतच जातं मांडून बसली, दळत राहिली आणि तिथंच तापानं गेली. म्हणून पालखी तिच्या जात्यापाशी थांबावी, तिच्या घरच्या बाईनं भाकर ठेवावी, आणि पहिला तुकडा मोठ्या घरच्या पुरुषानं तिच्या हातून घ्यावा. कुठली मोहीम, ते कागदात नाही.

तात्यांचा पूर्वज वेशीत लढता लढता पडला नव्हता. एका दळणाऱ्या बाईनं त्याला बैलावर आडवा टाकून घरी आणला होता. तात्यांना हे ठाऊक होतं का? त्यांच्या घरी या कागदाची नक्कल असावी असा माझा तेव्हापासून संशय आहे. पुरावा काही नाही.

त्यानंतर मी त्या घराच्या बाबतीत संशयानं पोखरून गेलो. मावशी दोन वाचकांची रीत पाळणार, नगरला जाऊन कोणाकडून तरी पुढच्या ओळी वाचून आणणार आणि एक दिवस मला भर चौकात उभं करणार, याची मी वाट पाहत राहिलो. शाळेच्या फाटकात अनोळखी माणूस दिसला की वाटे, हा तिनं पाठवलेला. ती मात्र रस्त्यात भेटली की नेहमीच्या आवाजात विचारी, "बरं हाय का, गुरुजी?" त्या आवाजात काही शोधायचा मी फार प्रयत्न केला, सापडलं काहीच नाही, आणि त्यामुळे भीती वाढली. एकदा तिनं मुलाच्या हाती हरभऱ्याचे डहाळे पाठवले. हंगामात सगळीच घरं गुरुजींकडे पाठवतात. मी ते शेजारच्या म्हशीला घातले. बायको म्हणाली, "चांगले कोवळे होते. का घातले?" मी म्हणालो, कीड होती.

गावानं त्या घराला 'बुणग्यांचं घर' म्हणायला फार दिवस लावले नाहीत. तिच्या मुलाला शाळेत मुलं "ए बुणग्या" म्हणून हाक मारत. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली म्हणत. मी छडी आपटून सगळ्यांना गप्प बसवत असे, पण तो शब्द काय आहे हे सांगितलं नाही. दोन वर्षांनी तिच्या मुलीची राहुरीकडची सोयरीक ठरता ठरता मोडली. पाहुण्यांच्या कानावर काय गेलं ते मला माहीत नाही. पाहुण्यांना घेऊन आलेला माणूस त्या रविवारी देवळात होता, एवढं मला माहीत आहे. मुलगी पुढं लांब, जामखेडच्याही पलीकडं दिली. मावशी वर्षातून एकदा तिला भेटायला एस्टीनं जायची. थांब्यावर तिची पिशवी दिसली की मी पलीकडच्या गल्लीनं जात असे.

दहा वर्षांपूर्वी मावशी गेली. तात्या तिच्या आधीच गेले होते. खरं सांगायचं तर तिच्या अंत्यविधीहून परतताना मला हलकं वाटलं. कागद आता कुठंतरी चुलीत जाईल, असं मनात आलं.

गेल्या वर्षी वेशीचा रस्ता रुंद करायचं निघालं. उसाच्या ट्रॉल्या तिथं अडकत होत्या. दगड चार हात मागं घेऊन त्याच्यावर छोटं स्मारक बांधायचं ठरलं. सरपंच, माझाच जुना विद्यार्थी, घरी आला. म्हणाला, "गुरुजी, फलकाचा मजकूर तुम्हीच द्या. वेशीत धारातीर्थी पडलेले शूर वीर, असं काहीतरी जोरदार." मी म्हणालो, बघतो.

चार दिवसांनी मावशीची सून आली. आता तिचंही वय साठीला टेकलेलं. ओट्यावर बसली, पाणी घेतलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तोच कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि मोबाईल त्याच्या शेजारी ठेवला.

"रेकॉर्डिंग चालू हाय, गुरुजी. राग मानू नका."

"नाही, बरोबर आहे."

"एकच इचारायचं हाय. पुढचं पुसलंय का आजून?"

तिनं हे कशाच्या जोरावर विचारलं, तिला काय ठाऊक आहे, मी हो म्हणालो तर ती काय करील आणि नाही म्हणालो तर काय, असा सगळा हिशेब मी तेवढ्यात करून पाहिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही डोकं पहिल्यांदा तिकडंच धावलं. मग मी म्हणालो, "नाही. तेव्हाही पुसलेलं नव्हतं, ताई. वाचून दाखवतो."

तिनं कागदावर हात ठेवला. "हितं न्हाई. हितं वाचून मला काय करायचंय? जिथं थांबला हुता तिथं वाचा."

ग्रामसभा स्मारकाच्या विषयासाठी देवळातच भरली. खुर्च्या, पंखा, माईक, सगळं होतं. मोठ्या घरातून तात्यांचा नातू आला होता. त्याला दादा म्हणतात. चाळिशीचा, कारखान्याच्या राजकारणात असलेला, बोलायला तिखट. मी उभा राहिलो, म्हणालो की फलकाच्या आधी एक कागद वाचायचा आहे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. बैल, दोन राऊत, वेशीतलं जातं, भाकर, पहिला तुकडा. एकही शब्द न गाळता.

मग दादा उठला.

"गुरुजी, आमी बारीक असल्यापास्नं ऐकतोय, त्या कागदाचं पुढचं पुसलंय म्हनून. तुमीच सांगितलं हुतं. आता कसं काय उगवलं? चष्मा बदलला का?"

लोक हसले. मीही त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो.

"तेव्हाही दिसत होतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"का बरं?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरलो."

"कुनाला घाबरलात?"

मी मावशीच्या सुनेकडे पाहिलं नाही. "तुमच्या आजोबांना."

"मेलेल्या मानसावर घालायला सोपं आसतंय," तो म्हणाला. "आन आज कुनाच्या सांगन्यावरनं खरं बोलताय ते कळंल का?"

एकदा खोटं वाचलेला माणूस दुसऱ्यांदा खरं वाचतो आहे हे कोणी कशावरून मानायचं? मंडपात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्याकडून वाचून आणा, असं कोणीतरी म्हणालं, आणि दादा लगेच म्हणाला, "हां, ते बराबर. दोन वाचनं पायजेत."

तेव्हा सून उठली. पिशवीतून दुसरा कागद काढला. ओळी आखलेला, वहीचा, पिवळा पडलेला, बालबोध अक्षरात. सरपंचाच्या हातात दिला. म्हणाली, "गुरुजींनी आत्ता काय वाचलं ते मोबाईलमधी हाय. हे जुळवून घ्या."

सरपंचानं माझ्या वाचनाचं रेकॉर्डिंग माईकला लावलं आणि वहीच्या कागदावर बोट ठेवून ऐकत गेला. माझा म्हातारा आवाज देवळात घुमत होता आणि त्याचं बोट सरकत होतं. सून त्याच्या मागं उभी राहून बघत होती. एका जागी त्यानं थांबवलं, मागं घेतलं, पुन्हा ऐकलं. मी बैल म्हणालो होतो, कागदात बैलच होतं. शेवटपर्यंत आल्यावर तो म्हणाला, "शब्दाला शब्द हाय." मग कागद उलटून तारीख पाहिली आणि कागद माझ्यापुढं धरला. मी जवळ जाऊन पाहिली. मी देवळात थांबलो होतो त्याच महिन्यातली.

म्हणजे मावशीला तेव्हापासून सगळं माहीत होतं. नगरला जाऊन तिनं वाचून आणलं होतं, आणि पस्तीस-छत्तीस वर्षं मला "बरं हाय का" विचारत राहिली होती.

मी सुनेला विचारलं, माईक बाजूला होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं, "मग त्यांनी हे तेव्हाच का नाही दाखवलं?"

"आत्याबाई म्हनायच्या, दुसऱ्याचं दाखवलं तर लोक म्हनतील, बाईनं पैसं देऊन लिवून आनलं. ज्यानं झाकलं त्यानंच उघडाय पायजे. तवर ऱ्हाऊ द्या म्हनायच्या. लई वाट बघितली त्यांनी. तुमी रस्ता बदलून जायचे ते दिसायचं की."

पायऱ्यांवर बसलेली एक जख्ख म्हातारी, गावातली सगळ्यात जुनी, मध्येच बोलली. "आन काय रं, त्या दगडाला निशानाचं भोक म्हनताय. ते जात्याचं तळ हाय. खुट्याचं भोक हाय ते. आमी लगीन होऊन आलो तवाच वळखलं."

"मग आजी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सरपंच म्हणाला.

"इचारलं का कुनी? गड्यांनी ठरवलं काठीचं, मंग काठीचं."

बायांमध्ये हसू फुटलं, आणि या वेळी पदर कोणी पुढं ओढला नाही. दादा खुर्चीतून उठला, चप्पल घातली. "लिवा मंग काय लिवायचं ते," असं म्हणून गेला. तो मानला की नुसता निघून गेला हे मला अजून कळलेलं नाही. चैत्रात पालखी थांबली तेव्हा सुनेनं भाकरी ठेवली. पहिला तुकडा घ्यायला दादा आला नाही. त्याची बायको आली, हात पुढं केला आणि तुकडा घेऊन परत गेली. माझ्यापर्यंत रांग आली तेव्हा सुनेनं मलाही तुकडा दिला, जसा सगळ्यांना दिला तसा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि टाळलंही नाही.

राहिला फलक. सरपंचाला 'वीरांगना' लिहायचं होतं. त्याचा हेतू चांगला होता. म्हणाला, "बुणगे लिहिलं तर लोक काय समजतील? आजकाल भाषणात शिवी म्हणून वापरतात." मलाही वाटलं, वीरांगना लिहून टाकावं, प्रश्न मिटेल. मी सुनेकडे गेलो तर ती भाकरी थापत होती.

"वीरांगना म्हंजी तलवार घेतलेली?" तिनं विचारलं.

"साधारण तसंच."

"मंग ती न्हाई. तिनं कवा तलवार घेतली? ती दळायची." परातीत पीठ ओढत ती म्हणाली, "कागदात जे लिवलंय तेच लिवा. बुणग्यांत हुती, तर बुणग्यांत हुती. ह्या शब्दापायी आत्याबाईंची लेक एवढी लांब गेली. आता तो शब्द पुसला तर परत पुसलंच की."

"लोक हसतील, ताई."

"मंग तुमी सांगा त्यांला. तुमाला सांगता येतंय."

फलकावर आता लिहिलं आहे की फौजेच्या बुणग्यांतली एक बाई इथं जातं मांडून बसली होती, तिनं गावचे दोन जखमी स्वार बैलावर घालून आणले. खाली कोणाचं नाव नाही. कागदातच 'अमुक' असं आहे. तिचं नाव लिहायची पंचांनाही गरज वाटली नव्हती.

मी संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसतो. पाय दुखतात, पण बसतो. परवा मोटरसायकलवरून दोघं आले, परगावचे असावेत. गाडी थांबवून त्यांनी फलक वाचला. एकानं 'बुणग्यांतली बाई' हे शब्द मोठ्यानं म्हटले, दुसऱ्याकडे पाहिलं आणि दोघं हसले. कशावर हसले ते मला माहीत नाही. मला काय, तसलं प्रत्येक हसणं माझंच वाटतं. मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि म्हणालो, "जरा थांबा. घाई आहे का?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीचं इंजिन चालूच होतं. मी बुणगे म्हणजे कोण, इथून सुरुवात केली.